यकृत निकामी झाले खरे, पण कशाच्या निमित्ताने?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळा लागला की काविळीच्या साथीच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येऊ लागतात आणि २८ जुलैच्या जागतिक हिपॅटायटिस दिनाच्या आगेमागे यकृताच्या विकारांवर माहितीपर लेखही छापून येतात. या दोन्ही प्रकारच्या मजकुरात एक वाक्य हटकून भेटते : रुग्णाला हिपॅटायटिस बी होता आणि यकृत निकामी होऊन त्याचा मृत्यू झाला. वाक्यात चूक काही नाही. मात्र हिपॅटायटिस बीचा विषाणू रक्तात बाळगून वीस-पंचवीस वर्षे शेती, नोकरी, संसार बिनबोभाट करणारी माणसे आपल्या देशात कोट्यवधी आहेत, आणि त्यांच्यापैकी एखाद्याचे यकृत नेमके एका विशिष्ट महिन्यात का कोसळते, याचे उत्तर त्या वाक्यात मिळत नाही. मेडिसिनच्या वॉर्डात शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या आधारावर मला असे म्हणायचे आहे की यकृत कोसळायला काय निमित्त झाले, यावर रुग्णाचा उपचार अवलंबून असतो, पुढच्या वर्षभरातले त्याचे भवितव्यही बऱ्याच अंशी अवलंबून असते, आणि तरीही हे निमित्त आपण पुरेसे विचारत नाही व कागदावर तर क्वचितच लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात २५ कोटी ४० लाख लोकांना हिपॅटायटिस बीचा जुनाट संसर्ग होता. त्यांपैकी २ कोटी ९८ लाख भारतात होते. जगभरातल्या अशा बाधितांपैकी ज्यांचे निदान झाले आहे ते १३ टक्के, आणि औषध घेणारे सुमारे ३ टक्के. म्हणजे बहुसंख्य बाधितांना आपल्या रक्तात हा विषाणू आहे याची कल्पनाच नाही, आणि डोळे पिवळे होऊन, पोट फुगून रुग्णालयात दाखल झाल्यावर ती पहिल्यांदा मिळते. अशा वेळी घरच्यांचे सगळे लक्ष 'हा बी कुठून आला' या प्रश्नावर खिळते. तो प्रश्न स्वाभाविक असला तरी त्या घडीला निरुपयोगी आहे. विषाणू बहुधा लहानपणीच, अनेकदा जन्माच्या वेळी आईकडून आलेला असतो. त्या घडीला विचारायचा प्रश्न वेगळा आहे : गेल्या महिना-दोन महिन्यांत काय बदलले?

जुनाट यकृतविकार अंगात असताना त्यावर नवा आघात होऊन अल्पावधीत यकृत कोलमडणे, या अवस्थेला वैद्यकात 'ॲक्यूट-ऑन-क्रॉनिक लिव्हर फेल्युअर' म्हणतात. वॉर्डात सगळे 'एसीएलएफ' म्हणूनच बोलतात. आशिया-पॅसिफिक विभागातील यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे २०१४ व २०१९ मध्ये सुधारलेल्या व्याख्येप्रमाणे काविळीचे पिवळे द्रव्य असलेले बिलिरुबिन रक्तात दर डेसिलिटरला ५ मिलिग्रॅम किंवा अधिक, रक्त गोठण्याचे मोजमाप सांगणारा आयएनआर १.५ किंवा अधिक, आणि चार आठवड्यांच्या आत पोटात पाणी होणे किंवा यकृतामुळे शुद्ध हरपू लागणे, असे त्याचे स्वरूप आहे. मुळातला जुनाट आजार आधी माहीत असायलाच हवा अशी या व्याख्येची अट नाही, आणि आपल्याकडची परिस्थिती पाहता ते योग्यच आहे. ही व्याख्या सुरुवातीपासून 'आघात' हा शब्द धरून उभी आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

याच्याशी गल्लत होऊ शकणारी एक वेगळी गोष्ट इथेच बाजूला काढतो. २००९ मध्ये गुजरातेतील साबरकांठा जिल्ह्यात, मोडासा भागात, हिपॅटायटिस बीने अनेकांचे बळी घेतले. तिथे वापरलेल्या सुया-सिरिंजा पुन्हा वापरल्याने विषाणू पसरला होता आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्या विषाणूतील उत्परिवर्तनांचा अभ्यास केला होता. ती नव्या संसर्गाने धडधाकट यकृते उद्ध्वस्त होण्याची घटना होती. या पत्रात मी ज्यांच्याविषयी लिहीत आहे त्यांचा संसर्ग जुना आहे. नवे आहे ते फक्त निमित्त.

ही निमित्ते ढोबळमानाने दोन जातींची आहेत. काही थेट यकृतावर घाव घालतात : बी-विषाणूचीच नव्याने आलेली उसळी, त्यावर ए किंवा ई या दुसऱ्या विषाणूचा संसर्ग, यकृताला विषारी ठरणारी औषधे, दारू. काही निमित्ते शरीरात दुसरीकडे घडतात आणि यकृत त्यात ओढले जाते : पोटातल्या पाण्यात किंवा फुप्फुसात जंतुसंसर्ग, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी, एखादी मोठी शस्त्रक्रिया.

यात बी-विषाणूच्या उसळीचे प्रकरण सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण ते सर्वाधिक टाळता येण्यासारखे आहे. हा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी मारत नाही. पेशी मारल्या जातात त्या आपल्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यात, आणि हा हल्ला विषाणूची संख्या एकाएकी वाढली की उग्र होतो. संख्या आपसूकही वाढते. ते आपल्या हातात नसते. पण ती वाढण्याची दोन कारणे पूर्णपणे माणसांच्या हातात आहेत. एक म्हणजे चालू असलेली गोळी बंद करणे. टेनोफोविर किंवा एन्टेकॅव्हिरने विषाणूची वाढ रोखली जाते, मात्र पेशींच्या केंद्रकात दडून राहिलेला त्याचा मूळ साठा नष्ट होत नाही. गोळी थांबली की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो पुन्हा डोके वर काढू शकतो, आणि ज्याला आधीच सिरोसिस, म्हणजे यकृतात व्रण साठून ते कडक होण्याचा विकार, झालेला आहे त्याला तेवढा धक्काही पेलत नाही. गोळी बंद होण्याची कारणे ऐकली तर ती फार साधी असतात. 'काही त्रास नव्हता', 'रिपोर्ट नॉर्मल आला', 'कामासाठी दुसऱ्या गावी गेलो आणि तिथे मिळाली नाही', 'लग्न ठरत होते, घरात गोळ्या दिसायला नको होत्या'. शेवटचे कारण आपल्या समाजाबद्दल बरेच काही सांगून जाते, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

दुसरे कारण म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार. कर्करोगाची केमोथेरपी, संधिवातासाठी किंवा दम्यासाठी आठवडेच्या आठवडे चालणारी स्टेरॉइडे, आणि विशेषतः काही रक्ताच्या कर्करोगांत व संधिवातात दिले जाणारे रिटुक्सिमॅब हे औषध. या औषधाच्या वेष्टनावर हिपॅटायटिस बी उसळण्याचा ठळक इशारा छापण्याचा आदेश अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्येच दिला. हिपॅटायटिस सी बरा करणाऱ्या नव्या गोळ्यांबाबतही, सी-विषाणू हटताच दबून राहिलेला बी-विषाणू उसळू शकतो म्हणून, २०१६ मध्ये तसाच इशारा आला. या सर्व उपचारांपूर्वी रक्तातील एचबीएसएजी, म्हणजे बी-विषाणूचा चालू संसर्ग दाखवणारे प्रथिन, तपासणे, रिटुक्सिमॅबसारख्या औषधांपूर्वी जुन्या संसर्गाची खूण सांगणारी प्रतिपिंडाची चाचणी करणे आणि गरज असेल तिथे आधीच टेनोफोविर किंवा एन्टेकॅव्हिर सुरू करणे, हे शास्त्र आता वादातीत आहे. अडचण होते ती अनियंत्रित बाजूने. सांधेदुखीसाठी 'एका पुडीत आराम' देणाऱ्याच्या पुडीत स्टेरॉइड असेल तर त्याआधी कोणी रक्त तपासलेले नसते, आणि ती पुडी अचानक बंद झाली की दाबलेली प्रतिकारशक्ती जोमाने परत येते. यकृताचा घात अनेकदा याच टप्प्यावर होतो.

उसळीचे निमित्त लवकर ओळखले तर काय फरक पडतो, याचा पुरावा आपल्याच देशातून आलेला आहे आणि त्याची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातील डॉक्टरांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बी-विषाणूच्या आपसूक उसळीमुळे यकृत कोसळलेल्या २७ रुग्णांपैकी १४ जणांना टेनोफोविर आणि १३ जणांना नुसती औषधविरहित गोळी देण्यात आली. तीन महिन्यांनंतर पहिल्या गटातील ८ जण जिवंत होते, दुसऱ्या गटातील फक्त २. ज्यांच्या रक्तातील विषाणू दोन आठवड्यांत शंभरपटीहून अधिक घटला त्यांच्या जगण्याची शक्यता ठळकपणे जास्त होती. रुग्णसंख्या लहान आहे हे मान्य. पण हा फरक असा आहे की त्यानंतर अशा रुग्णाला औषधाविना ठेवून नवा प्रयोग करणे कोणालाही नैतिकदृष्ट्या जमण्यासारखे नव्हते. त्यामुळेच आता विषाणूच्या डीएनएचा अहवाल येईपर्यंत थांबू नये, संशय पक्का असेल तर नमुना घेऊन त्याच दिवशी गोळी सुरू करावी, अशी शिफारस आहे. तालुक्याच्या ठिकाणी हा अहवाल यायला लागणारे दिवस लक्षात घेतले तर या शिफारशीचे मोल कळते.

आता ई-विषाणूकडे वळतो. काविळीची जी साथ आपल्याकडे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळल्याने येते ती बहुतेक वेळा याच विषाणूची असते. १९५५-५६ मध्ये दिल्लीत वझिराबादच्या उपशाजवळ सांडपाणी शिरून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली, ती ई-विषाणूची होती हे नंतर साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून सिद्ध झाले. आपल्याकडे २०१२ मध्ये इचलकरंजीत आलेली साथ अनेकांच्या स्मरणात असेल. धडधाकट माणसात हा संसर्ग बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. गर्भवतींना मात्र त्याचा मोठा धोका असतो, आणि तेवढ्याच गांभीर्याने सांगायला हवे की ज्यांचे यकृत बी-विषाणूने किंवा अन्य कारणाने आधीच जीर्ण झाले आहे त्यांनाही असतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २००७ मध्ये दाखवून दिले की सिरोसिसच्या रुग्णांपैकी ई-विषाणूचा संसर्ग झालेल्यांत चार आठवड्यांतील मृत्यूचे प्रमाण ४३ टक्के होते, तर संसर्ग न झालेल्यांत २२ टक्के. वर्षभरात हेच आकडे ७० आणि ३० टक्क्यांवर गेले.

पण याच निमित्ताची दुसरी बाजूही आहे. ज्याचा बी-संसर्ग जुना आहे पण यकृताचा सिरोसिस झालेला नाही किंवा अगदी प्राथमिक आहे, अशा रुग्णाला ई-विषाणूने गाठले तर तो आघात स्वतःहून संपणारा असतो. चार-सहा आठवडे मूत्रपिंडे सांभाळली, जंतुसंसर्ग होऊ दिला नाही, पोषण तुटू दिले नाही, तर यकृत पूर्वस्थितीला येण्याची चांगली आशा असते. बी-विषाणूच्या उसळीत मात्र वाट पाहत बसण्यात अर्थ नसतो, कारण औषधाविना ती उसळ तशीच चालू राहते आणि प्रत्येक दिवसागणिक पेशींचा नाश वाढतो. बाहेरून पाहता दोन्ही रुग्ण सारखेच पिवळे, सारखेच थकलेले. दोघांच्याही कागदावर 'हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह'. निमित्त ओळखले नाही तर पहिल्याच्या नातेवाइकांना विनाकारण हताश केले जाते आणि दुसऱ्याचा मोलाचा आठवडा वाया जातो. नगरपालिकेच्या जलवाहिन्यांची दुरुस्ती हा यकृतरोगाचाही प्रश्न आहे, हे यातून लक्षात यावे. ई-विषाणूवरील लशीला चीनने २०११ मध्ये मान्यता दिली. आपला भरवसा मात्र अजून शुद्ध पाण्यावरच आहे.

औषधांचे निमित्त आपल्याकडे दोन वाटांनी येते. पहिली वाट क्षयाच्या उपचाराची. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला त्रासदायक ठरू शकतात आणि बी-विषाणूच्या बाधितांत हा धोका वाढतो. क्षयाची औषधे टाळावीत असा याचा अर्थ मुळीच नाही. ती सुरू करण्यापूर्वी एचबीएसएजी पाहावे, बाधितांचे यकृत-एन्झाइम ठरावीक अंतराने तपासावेत आणि लक्षणे असताना ते कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा लक्षणे नसताना पाचपट झाले तर औषधे थांबवून पुन्हा आखणी करावी, इतका सरळ नियम आहे. मळमळ आणि भूक मंदावणे याला 'गोळ्या उष्ण पडल्या' म्हणून सोडून देण्याची आपली सवय इथे जीवघेणी ठरते.

दुसरी वाट वनस्पतिजन्य औषधांची आहे, आणि हा विषय काढला की पत्रांचा ओघ सुरू होतो याची मला कल्पना आहे. आशियातील एसीएलएफच्या ३,१३२ रुग्णांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १०.५ टक्के रुग्णांमध्ये औषध हेच निमित्त होते. त्यांतही सुमारे ७२ टक्के वाटा पर्यायी व वनस्पतिजन्य औषधांचा आणि सुमारे २७ टक्के वाटा क्षयाच्या औषधांचा होता, आणि या गटातील जवळपास निम्मे रुग्ण ९० दिवसांच्या आत दगावले. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली तेव्हा आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता. ते रुग्ण हिपॅटायटिस बीचे नव्हते, त्यामुळे त्या वादात मी इथे शिरत नाही. मला काळजी वाटते ती काविळीवरच्या गावठी उपायांची. गळ्यात माळ घालणे निरुपद्रवी आहे. पण नाकात रसाचे थेंब सोडणे, घटक न सांगता पाल्याचा काढा देणे, आणि मुख्य म्हणजे या सगळ्यात दोन-तीन आठवडे घालवणे निरुपद्रवी नाही. शिवाय ई-विषाणूची कावीळ आपोआप उतरत असल्याने माळ घालणाऱ्याचे यश गावभर दिसते, आणि त्याच माळेच्या भरवशावर बसलेला बी-विषाणूचा रुग्ण शहरातल्या रुग्णालयात उशिरा पोचून मरतो तेव्हा अपयश मात्र रुग्णालयाच्या नावावर जमा होते.

दारूविषयी वेगळे लिहायला नको. ती स्वतंत्र निमित्त आहे, आणि बी-विषाणूच्या सोबतीने अधिक घातक आहे.

आता दुसरी जात, म्हणजे यकृताबाहेर घडलेली निमित्ते. इथे रुग्ण बहुधा वेगळाच असतो. त्याचा सिरोसिस जुना असतो, पोटातले पाणी यापूर्वी एक-दोनदा काढलेले असते, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबरी आवळण्या घातलेल्या असतात. त्याच्या पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग होतो, कधी ताप आणि पोटदुखी न होताही होतो, आणि फक्त 'आज जरा गप्प गप्प आहेत' एवढेच घरच्यांना जाणवते. सुईने थोडे पाणी काढून त्यातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दर घन मिलिमीटरला २५० हून अधिक आहेत का, हे त्याच दिवशी पाहिले पाहिजे; तशा असतील तर प्रतिजैविक आणि अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन शिरेतून लगेच सुरू केले तर मूत्रपिंडे वाचतात आणि जीवही वाचण्याची शक्यता वाढते. रक्ताच्या उलटीने कोसळलेल्या रुग्णात रक्तस्राव थांबवण्याइतकाच जंतुसंसर्ग रोखणे हाही उपचाराचा भाग आहे. या रुग्णांनाही बी-विषाणूची गोळी हवीच, पण त्यांचा हा आठवडा तिच्यावर अवलंबून नसतो.

दोन्ही जातींच्या परिणामांतला फरक चीनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पष्ट दिसतो. त्यात सिरोसिस असलेल्या, बहुतांशी बी-विषाणूच्या, ४०५ एसीएलएफ रुग्णांची तुलना होती. पहिल्या २८ दिवसांत दोन्ही गटांतील मृत्यू जवळपास सारखे, निम्म्याच्या आसपास होते. पुढे मात्र वाटा फुटल्या. वर्षअखेर यकृतावरील थेट आघाताच्या गटात सुमारे ६४ टक्के, तर यकृताबाहेरील निमित्ताच्या गटात सुमारे ७५ टक्के रुग्ण मरण पावले होते. अवयव कोसळण्याचा क्रमही वेगळा होता : पहिल्या गटात यकृत आणि रक्त गोठण्याची यंत्रणा आधी जाते, दुसऱ्यात मूत्रपिंडे आणि श्वसन. याचा अर्थ मी असा लावतो की पहिल्या गटातला जो रुग्ण तो भयंकर महिना पार करतो त्याच्या यकृतात अजून उभे राहण्याची धमक शिल्लक असते, तर दुसऱ्या गटात निमित्त दूर झाले तरी यकृताचा पाया आधीच खचलेला असतो आणि मृत्यू फक्त पुढे ढकलला जातो. म्हणून दुसऱ्या गटातील रुग्णाला घरी सोडताना 'आता धोका टळला' असे सांगणे बरोबर नाही. त्याला प्रत्यारोपणाच्या यादीत घालण्याचा विचार त्याच वेळी व्हायला हवा.

या म्हणण्याच्या विरोधात जाणारा पुरावाही सांगितला पाहिजे. युरोपातील एका मोठ्या अभ्यासाने, २०२१ च्या सुमारास, असा निष्कर्ष काढला की निमित्त कोणत्या प्रकारचे आहे यापेक्षा एकाच वेळी किती निमित्ते एकत्र आली आहेत यावर मृत्यूचे प्रमाण अधिक ठरते. त्याआधी, २०१३ मध्ये, १,३४३ रुग्णांच्या युरोपीय अभ्यासात ४० टक्क्यांहून अधिक एसीएलएफ रुग्णांमध्ये कोणतेही निमित्त सापडलेच नव्हते, आणि किती अवयव निकामी झाले आहेत यावरच निकाल ठरताना दिसला होता : सर्वांत खालच्या श्रेणीत २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २२ टक्के, सर्वांत वरच्या श्रेणीत सुमारे ७७ टक्के. हे निष्कर्ष मला मान्य आहेत, दोन गोष्टी जोडून. युरोपातील ते रुग्ण प्रामुख्याने दारू आणि हिपॅटायटिस सीचे होते. बी-विषाणूची उसळ, जिच्यावर नेमके औषध आहे, ती तिथे अपवादानेच आढळते. आणि एकदा तीन-चार अवयव कोसळल्यावर निमित्ताचे महत्त्व उरत नाही, हे खरे असले तरी त्याआधीच्या साधारण आठवडाभराच्या अवधीत तेच सर्वांत महत्त्वाचे असते. आपले काम त्या अवधीतले आहे. निमित्तांची संख्या मोजायची तरी ती आधी शोधावीच लागतात.

प्रत्यारोपणाचा निर्णयही निमित्तावर टेकतो. विषाणूच्या उसळीने कोसळलेल्या तरुण रुग्णाचा विषाणू दोन आठवड्यांत घटत नसेल, आयएनआर वाढतच असेल, तर निर्णय लवकर घ्यावा लागतो. याउलट जंतुसंसर्गाने कोसळलेल्याचे प्रत्यारोपण संसर्ग आटोक्यात आल्याखेरीज करताच येत नाही. आपल्याकडे बहुतेक यकृते जिवंत दात्याची, म्हणजे मुलाची, पत्नीची, भावाची असतात. आपल्या शरीराचा भाग देऊ करणाऱ्या त्या माणसाला 'आजार कशाने उसळला, आणि थांबलो तर आपोआप बरा होण्याची आशा किती' हे समजून घेण्याचा अधिकार आहे. 'लिव्हर गेले आहे, डोनर बघा' एवढ्या सांगण्यावर त्याने ऑपरेशन टेबलावर चढावे, ही अपेक्षा चुकीची आहे.

तेव्हा माझ्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. बी-विषाणूचा रुग्ण काविळीने दाखल झाला की पहिल्याच दिवशी ए आणि ई विषाणूंचा ताजा संसर्ग दाखवणाऱ्या आयजीएम चाचण्या, बी-विषाणूच्या डीएनएसाठी नमुना, पोटात पाणी असल्यास त्याची तपासणी, रक्तातील जंतू शोधणारे कल्चर, आणि गेल्या तीन महिन्यांतील प्रत्येक गोळी, पुडी, काढा व इंजेक्शनचा लेखी इतिहास, एवढे झाले पाहिजे. इतिहास घेताना 'काही औषध घेता का' असे विचारून भागत नाही, कारण काढ्याला आपले लोक औषध मानत नाहीत. घरातून पिशवी मागवावी लागते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली बी-विषाणूची औषधे मोफत दिली जातात, ही मोठी सोय आहे. या कार्यक्रमाने गोळी न्यायला न आलेल्या रुग्णाला महिन्याच्या आत फोन करण्याची आणि गाव बदलणाऱ्याला नव्या जिल्ह्यातील केंद्राशी जोडून देण्याची व्यवस्था काटेकोर केली, तर माझ्या मते गोळी बंद पडण्याचे निमित्त बऱ्याच अंशी नाहीसे होईल. क्षयाच्या आणि कर्करोगाच्या केंद्रांत उपचारापूर्वीची एचबीएसएजी चाचणी ही सूचना न राहता अट व्हावी.

राहिला प्रश्न नोंदीचा. रुग्णालयातील मृत्यूनंतर डॉक्टर जो 'नमुना ४' भरतात त्यात मृत्यूचे तात्कालिक कारण, त्यामागची कारणे आणि इतर महत्त्वाच्या अवस्था यांसाठी स्वतंत्र ओळी आहेत. बऱ्याच वेळा पहिल्या ओळीत 'यकृत निकामी' आणि दुसऱ्या ओळीत 'हिपॅटायटिस बी' लिहून काम आटोपले जाते. मधली कडी, म्हणजे 'टेनोफोविर बंद केल्यानंतर विषाणूची उसळ', 'ई-विषाणूचा संसर्ग', 'क्षयाच्या औषधांची इजा', 'पोटातील पाण्याचा जंतुसंसर्ग', ही लिहायला जागा आहे आणि बंदी कोणाचीही नाही. ती लिहिली गेली तर एखाद्या जिल्ह्यात गोळ्या मध्येच बंद पडल्यामुळे किती जण गेले आणि फुटक्या जलवाहिनीमुळे किती, हे आरोग्य खात्याला वेगवेगळे दिसेल. आज ते एकाच रकान्यात विरघळून जाते. घरी पाठवलेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावरही हीच ओळ हवी, कारण पुढच्या वेळी त्याला पाहणारा डॉक्टर बहुधा दुसरा असतो. आणि निमित्त सापडले नसेल तर कोणत्या चाचण्या करूनही ते सापडले नाही, ते लिहावे. न शोधणे आणि शोधून न सापडणे या दोन नोंदींमध्ये पुढच्या डॉक्टरसाठी फार अंतर असते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वैद्यकीय अध्यापक, पुणे